कायम चार्जिंगला लावलेला लॅपटॉप

पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात तासभर उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर पडते. "घेऊन दोनच वर्षं झाली हो. आता वायर काढली की अर्ध्या तासात बंद पडतो. आणि बॅटरीवर तर मी कधी चालवतच नाही, कायम चार्जिंगलाच लावलेला असतो." शेवटचं वाक्य जरा ठासून सांगितलेलं असतं. वापरलीच नाही ती वस्तू खराब होईल कशी, असा त्यामागचा सरळ हिशेब. चप्पल झिजते, टायर झिजतो, ते वापरल्यामुळे. ठेवणीतली पैठणी वर्षानुवर्षं तशीच राहते.

लॅपटॉपची बॅटरी मात्र पैठणीच्या जातीची नाही, दुधाच्या जातीची आहे. वापरा किंवा नका वापरू, काळ तिच्यावर आपलं काम करतच राहतो, आणि उष्णता मिळाली की ते काम झपाट्याने होतं. त्यातही ती काठोकाठ भरलेली असेल तर आणखी लवकर. दुकानातल्या त्या गिऱ्हाइकाने बॅटरी जपण्यासाठी जे केलं, नेमकं त्यानेच ती गेली.

बॅटरीविषयी बोलताना दोन वेगळे प्रश्न एकात एक मिसळतात. आज एकदा चार्ज केलेला लॅपटॉप संध्याकाळपर्यंत पुरेल का, हा एक. ही बॅटरी चार-पाच वर्षं टिकेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पडदा, प्रोसेसर आणि ब्राउझर यांच्या खर्चात असतं. दुसऱ्याचं उत्तर बॅटरी किती गरम राहते आणि किती भरलेली राहते यात असतं. पॉवर सेटिंगमधले अर्धे पर्याय एका प्रश्नासाठी आहेत, अर्धे दुसऱ्यासाठी. हे एकदा लक्षात आलं की सेटिंगचं ते गोंधळात टाकणारं पान बरंच सोपं होतं.

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण नुकसान तिथे होतं.

लिथियम-आयन सेलमध्ये दोन बाजू असतात. एकीकडे ग्राफाइट, दुसरीकडे कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंचं ऑक्साइड. मध्ये द्रावण. चार्जिंग सुरू झालं की लिथियमचे आयन ऑक्साइड सोडून ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात, पत्त्यांच्या कॅटमध्ये कागदाच्या चिठ्ठ्या सरकवाव्यात तसे. लॅपटॉप चालू केला की ते परत निघतात. जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइडची बाजू शोधली, त्याआधी स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी आयन असे थरांत आत-बाहेर करू शकतात हे दाखवलं होतं, आणि जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ च्या सुमाराला शुद्ध लिथियम धातूऐवजी कार्बनची बाजू वापरून बॅटरी सुरक्षित केली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली, तीही आधी व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल घेणारं दुसरं कुणी आजवर झालेलं नाही.

ग्राफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ पापुद्रा धरतो, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. हा पापुद्रा हवाच. तो द्रावणाला ग्राफाइटपासून दूर ठेवतो. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. महिन्यामागून महिने तो थोडाथोडा जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम स्वतःत कायमचं अडकवून घेतो. अडकलेलं लिथियम पुन्हा इकडून तिकडे जाऊ शकत नाही. पन्नास वॅट-तासांची बॅटरी चाळीसची होते, मग तिसाची. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पापुद्र्यालाही हा नियम लागू आहे.

भरलेपणाचं गणित व्होल्टमध्ये आहे. नेहमीचा सेल रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर पोहोचतो. ४.२ वर दोन्ही बाजू सगळ्यात जास्त ताणलेल्या असतात. ऑक्साइडच्या बाजूला द्रावणाचं विघटन सुरू होतं, पापुद्रा जोरात वाढतो. ४.१ व्होल्टवर थांबलं तरी खूप फरक पडतो. कमाल व्होल्टेज ०.१ ने खाली ठेवलं की बॅटरीच्या फेऱ्या जवळजवळ दुप्पट होतात, असा या क्षेत्रातल्या लोकांचा ठोकताळा आहे.

आता दोन्ही शत्रू एकत्र आले तर काय होतं ते पाहा. कॅनडातल्या कॅडेक्स या बॅटरी-तपासणी यंत्रांच्या कंपनीचे संस्थापक इसिडोर बुकमन यांनी प्रसिद्ध केलेला एक तक्ता बॅटरीच्या व्यवसायात वर्षानुवर्षं वापरला जातो. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश तापमानात वर्षभर नुसती ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल, तर ४० टक्के भरलेल्या बॅटरीची ८५ टक्के क्षमता उरते आणि पूर्ण भरलेलीची ६५. वर्षभरात एकदाही वापर नाही, तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त क्षमता गेली.

४० अंश म्हणजे काही प्रयोगशाळेतलं तापमान नव्हे. चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मुंबईत तो ३४ वर असला तरी चालू लॅपटॉपच्या आत प्रोसेसरशेजारी बसलेली बॅटरी सहज ४० ला पोहोचते. त्यात लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा गोधडीवर ठेवलेला असला, की तळाच्या जाळीतून हवा आत जायची वाट बंद होते. खाली पाट, ताट किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवणं हा बॅटरीचं आयुष्य वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय. बंद गाडीच्या सीटवर दुपारभर ठेवलेला लॅपटॉप मात्र यातून वाचत नाही. उन्हातल्या गाडीत तापमान साठीकडे जातं. टोरंटो किंवा म्युनिकला राहणाऱ्या मराठी घरांत उलटा धडा आहे. हिवाळ्यात रात्रभर गाडीत राहिलेला लॅपटॉप आत आणल्या आणल्या चार्जिंगला लावायचा नाही, कारण शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूच्या रूपात साचतं. तास-दीड तास घरातल्या ऊबेत राहू द्यावा.

'सतत चार्जिंगला लावला तर बॅटरी ओव्हरचार्ज होते' असं जे सांगितलं जातं, ते बरोबर नाही. बॅटरीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट १०० टक्क्यांवर चार्जिंग तोडतं आणि लॅपटॉप सरळ अडॅप्टरच्या विजेवर चालू लागतो. जास्त भरल्यामुळे ती बिघडत नाही. दिवसचे दिवस काठोकाठ भरून, लॅपटॉपच्या ऊबेत बसून राहिल्यामुळे बिघडते.

म्हणूनच बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग मध्येच थांबवायची सोय दिली आहे. फक्त ती ठळक जागी नाही. लेनोव्होच्या 'व्हँटेज' ॲपमध्ये तिचं नाव 'कॉन्झर्व्हेशन मोड'. आसुसच्या 'मायआसुस'मध्ये बॅटरीच्या काळजीचा पर्याय आहे, तिथे ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. डेलमध्ये 'प्रायमरिली एसी यूज' म्हणजे 'मुख्यतः वायर लावूनच' असा पर्याय निवडायचा. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत ही गोष्ट ॲपमध्ये नसून मशीन सुरू होतानाच्या बायॉसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' नावाने असते. ॲपलने २०२० पासून मॅकबुकमध्ये हे काम मॅकओएसच्या हाती दिलं. लिनक्स वापरणाऱ्यांना 'टीएलपी' नावाचं छोटं साधन आहे. थिंकपॅडवर किती टक्क्यांना चार्जिंग सुरू व्हावं आणि कितीला थांबावं हे दोन्ही आकडे त्यात भरता येतात. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही, त्याने आजच्या आज ही मर्यादा लावावी. घरच्या मशीनसाठी एवढी एक गोष्ट केली आणि बाकी काहीच केलं नाही, तरी चालण्यासारखं आहे.

पण सगळ्यांना एकच सल्ला देऊन भागणार नाही. जिथे दिवसातून दोन-तीन तास लाईट जाते, त्या गावातल्या शिक्षिकेला किंवा महा-ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाला ८० टक्क्यांवर थांबलेली बॅटरी नेमक्या वेळी दगा देईल. वीस टक्के म्हणजे तास-पाऊण तासाचं काम. तिथे बॅटरी पूर्ण भरावी, वापरावी, हकनाक जपत बसू नये. फक्त गरम होऊ देऊ नये. परीक्षेच्या, प्रवासाच्या, मोठ्या बैठकीच्या आदल्या रात्री मर्यादा काढून १०० टक्के भरण्यातही काही वावगं नाही. नुकसान रोजच्या सवयीने होतं, एका रात्रीने नाही.

फेऱ्यांचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. एक फेरी म्हणजे एकूण १०० टक्के वापर, मग तो एका दमात असो की चार दिवसांत पंचवीस-पंचवीस करून. ॲपल आपल्या आताच्या मॅकबुकची बॅटरी १००० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशा हिशेबाने बनवते. तीस-चाळीस टक्क्यांवर आलं की चार्ज करणं, म्हणजे लहान लहान घास, बॅटरीला मानवतं. रोज शून्यावर नेऊन बंद पाडणं मानवत नाही. 'बॅटरी पूर्ण उतरू दे, मगच लाव' हा जुना उपदेश निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना अर्ध्यावरून चार्ज करत राहिलं तर अर्ध्यालाच 'संपली' म्हणायची खोड लागायची. लिथियमला ती खोड नाही. उपदेश मात्र वडिलांकडून मुलाकडे येत राहिला.

एका बाबतीत मात्र जवळजवळ पूर्ण उतरवण्याला अर्थ उरतो. पडद्याच्या कोपऱ्यातला टक्का हा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. बॅटरीतली एक चिप आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची नोंद ठेवते. काही महिन्यांत तिची नोंद आणि वस्तुस्थिती यांत फरक पडू लागतो. मग २२ टक्के दिसत असताना लॅपटॉप झटकन बंद होतो. कधी हे चिपच्या चुकीने होतं. तेव्हा एकदा पूर्ण भरून, मग दहाएक टक्क्यांपर्यंत सलग वापरून, पुन्हा पूर्ण भरलं की तिचं मोजमाप ठिकाणावर येतं. कधी दोष खरोखर बॅटरीचा असतो: जुन्या सेलचा आतला विरोध वाढलेला असतो, एकदम भार आला की व्होल्टेज कोसळतं. पाण्याच्या टाकीत पाणी आहे, पण नळ गंजून अरुंद झालाय, अशी ती अवस्था. त्यावर उपाय नाही.

बॅटरीची प्रकृती किती खालावली आहे हे पाहायला दुकानात जायची गरज नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. त्यात 'पॉवर' या इंग्रजी शब्दाला जोडून सी, एफ, जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि रेघेला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' हे इंग्रजीत लिहून एंटर दाबावं. फाइल कुठे साठवली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडते. सुरुवातीलाच दोन ओळी असतात. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावत होतं, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज किती मावतं. समजा पहिला आकडा ५०,००० मिलिवॅट-तास आणि दुसरा ३१,००० असेल, तर ६२ टक्के बॅटरी उरली. मशीन १०० टक्के दाखवतं ते या ६२ टक्क्यांचे शंभर. अहवालात खाली जात राहिलं तर गेल्या कित्येक महिन्यांत हा आकडा कसा उतरत गेला तेही दिसतं. एखाद्या उन्हाळ्यात उतरण अधिक तीव्र दिसली तर नवल वाटायला नको. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर हीच माहिती टक्क्यांत मिळते.

आता पहिला प्रश्न: आजचं चार्जिंग पुरेल कसं?

इथे भागाकार पुरतो. बॅटरी ५० वॅट-तासांची आणि लॅपटॉपचा खर्च १० वॅट, तर पाच तास. खर्च १५ वॅट झाला की तीन तास वीस मिनिटं. खर्च ६ वॅटवर आणला तर आठ तासांच्या वर. बॅटरी तीच. याचा सगळ्यात बोलका पुरावा २०२० साली मिळाला. ॲपलने त्या वर्षी मॅकबुक एअर दोनदा काढला. आधी इंटेलचा प्रोसेसर घालून, मग वर्षाअखेरीस स्वतःचा एम१ घालून. दोन्हींत बॅटरी ४९.९ वॅट-तासांचीच. कंपनीच्याच सांगण्यानुसार इंटरनेट पाहण्याचे तास ११ वरून १५ वर गेले. बॅटरीत एक थेंबही जास्त मावत नव्हता, फक्त खर्च आटोक्यात आला होता.

हा विचार लॅपटॉपइतकाच जुना आहे. टँडी कंपनीचा १९८३ मधला 'मॉडेल १००' टीव्हीच्या रिमोटमध्ये बसतात तसल्या चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचा. पडदा आठ ओळींचा, मागे दिवा नाही. अमेरिकेतले वार्ताहर त्याच्यावर बातमी लिहून टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवत. सहा वर्षांनी आलेला ॲपलचा 'मॅकिंटॉश पोर्टेबल' बराच ताकदवान होता, पण त्यात मोटारीच्या जातीची शिसे-आम्ल बॅटरी होती आणि वजन सात किलोच्या वर. शिवाय ती पूर्ण उतरली तर वायर लावूनही मशीन सुरू होत नसे. पुढे गरीब देशांतल्या मुलांसाठी बनवलेल्या 'एक्सओ' लॅपटॉपमध्ये पडद्यामागचा दिवा बंद करून, भर उन्हात, कृष्णधवल अक्षरं वाचता येत, आणि पान वाचलं जात असताना प्रोसेसर झोपलेला राही. २००७ मध्ये भारतातला त्याचा पहिला प्रयोग कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत झाला. वीज जिथे भरवशाची नाही, तिथे पडद्याचा दिवा हाच सगळ्यात मोठा खर्च, हे ते यंत्र बनवणाऱ्यांना नेमकं कळलं होतं.

आजही साध्या कामात, म्हणजे लिहिणं, वाचणं, मेल, यात पडदा हाच मोठा खादाड आहे. उजेड १०० वरून ५० टक्क्यांवर आणणं हा एकच बदल इतर दहा सेटिंगपेक्षा जास्त देतो. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा असेल तर बॅटरीवर असताना तो ६० वर आणावा. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये तो आकडा असतो. गडद रंगाची थीम मात्र फक्त ओलेड पडद्यावर वीज वाचवते, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका विझलेला असतो. साध्या एलसीडीमागे दिवा सतत जळतच असतो, त्याच्यासमोर काळा पडदा ओढला तरी.

प्रोसेसरचं गणित जरा मजेशीर आहे. त्याचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. शेवटचा २० टक्के वेग काढायला समजा १० टक्के व्होल्टेज वाढवावं लागलं, तर खर्च १.२ गुणिले १.२१, म्हणजे जवळपास दीडपट. विंडोजमधल्या 'पॉवर मोड'चं काम मुख्यतः हेच: 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी' निवडलं की प्रोसेसर तो शेवटचा महागडा टप्पा टाळतो. टायपिंग करणाऱ्याला फरक जाणवतही नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्याला जाणवतो, त्याने वायर लावून बसावं.

पण प्रोसेसरला मुद्दाम अगदी संथ करून ठेवणं नेहमी फायद्याचं नसतं. काम पटकन उरकून गाढ झोपणारा प्रोसेसर बऱ्याचदा रेंगाळत काम करणाऱ्यापेक्षा कमी खातो. खरा त्रास असतो झोपमोडीचा. ब्राउझरच्या पंचवीस टॅब उघड्या, त्यातल्या पाचांत हलत्या जाहिराती, मागे फाइल ढगात चढवणारं ॲप, मेसेजचं ॲप, अपडेट. प्रत्येक जण सेकंदाला दोन-चारदा प्रोसेसरला हाक मारतो. तान्हं बाळ असलेल्या घरात आईची झोप होते, तशी त्याची झोप होते. क्रोम आणि एज या दोन्ही ब्राउझरांत नको असलेल्या टॅब झोपवायची सोय आहे, ती चालू ठेवावी. जुन्या लॅपटॉपवर यूट्यूब पाहताना पंखा गरगरत असेल, तर नव्या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ उलगडायचं खास सर्किट त्या मशीनमध्ये नाही आणि ते काम प्रोसेसर घाम गाळून करतो आहे, असं समजावं. व्हिडिओ १०८० वरून ७२० वर आणला की त्याला उसंत मिळते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये कोणतं ॲप कोणत्या ग्राफिक्सवर चालावं हे ठरवता येतं, आणि तिथे साध्या कामाचं ॲप चुकून मोठ्या कार्डावर गेलं की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. कीबोर्डखालचा दिवा, ब्लूटूथ, वायफाय यांनी फुटकळ फरक पडतो. त्यामागे वेळ घालवू नये.

वीजबिलाशी मात्र या बचतीचा संबंध जवळपास नाही, हेही सांगायला हवं. ५० वॅट-तास म्हणजे ७५ वॅटचा छताचा पंखा ४० मिनिटं फिरतो तेवढी वीज. एका युनिटमध्ये ही बॅटरी वीसेक वेळा भरेल, थोडी गळती धरून सोळा-सतरा वेळा म्हणा.

सगळ्यात जास्त गोंधळ आहे तो झाकण बंद केल्यावर काय होतं यात. संध्याकाळी ऑफिसात ७० टक्के असलेला लॅपटॉप झाकण लावून बॅगेत टाकला, लोकलमधून सव्वा तासाने घरी येऊन काढला, तर तो तापलेला, पंखा फिरतोय आणि बॅटरी ४० वर. अनेकांना वाटतं मशीन बिघडलं. जुन्या लॅपटॉपमध्ये झोप म्हणजे फक्त मेमरीला चिमूटभर वीज आणि बाकी सारं बंद. गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ही गाढ झोप काढून मोबाइलसारखी डुलकी आणली आहे, तिचं नाव 'मॉडर्न स्टँडबाय'. झाकण उघडताच मशीन क्षणात हजर होतं, मेल येत राहतात; पण बॅगेच्या अंधारात एखादं अपडेट किंवा एखादं हट्टी ॲप त्याला जागं करू शकतं. आणि बॅगेत हवा कुठे? उष्णता आणि बॅटरी, दोघांची गाठ तिथेच पडते.

यावर भरवशाचा उपाय म्हणजे हायबरनेट. मेमरीत जे काही उघडं आहे ते सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं. वीज खर्च शून्याच्या जवळ. पुन्हा सुरू व्हायला दहा-वीस सेकंद लागतात, पण अर्धवट लिहिलेलं पत्र, उघड्या फाइली सगळं जसंच्या तसं समोर येतं. विंडोजमध्ये हा पर्याय मशीन बंद करायच्या मेनूत सुरुवातीला दिसत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे झाकण बंद केल्यावर काय व्हावं हे ठरवायची ओळ. त्या पानावर 'सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला' या अर्थाच्या इंग्रजी ओळीवर टिचकी मारली की खालची हायबरनेटची चौकट उघडते. ती खूण करायची, आणि 'बॅटरीवर असताना झाकण बंद' यापुढे हायबरनेट निवडायचं. रोज लॅपटॉप बॅगेत घालून हिंडणाऱ्याने ही दोन मिनिटं खर्च करावीतच. आपल्या मशीनला कोणती झोप येते हे पाहायचं असेल, तर मघाच्याच कमांडमध्ये तिरक्या रेघेपुढे 'बॅटरीरिपोर्ट'ऐवजी नुसतं 'ए' लिहावं. 'एस३' उपलब्ध असल्याचं दिसलं तर जुनी गाढ झोप आहे, 'एस० लो पॉवर आयडल' दिसलं तर डुलकी. 'ए'च्या जागी 'स्लीपस्टडी' लिहिलं की गेल्या काही दिवसांत झाकणाआड कोणी किती वीज खाल्ली याचा पाढाच समोर येतो.

दोन-तीन महिने लॅपटॉप लागणारच नसेल, उदाहरणार्थ शाळेचे संगणक मे महिन्याच्या सुट्टीत, तर ते पूर्ण भरून कपाटात ठेवू नयेत आणि पूर्ण उतरवूनही नाही. निम्मे भरून, पूर्ण बंद करून, पत्र्याखालच्या खोलीऐवजी सगळ्यात गार खोलीत ठेवावेत. शून्यावर ठेवलेली बॅटरी स्वतःहून आणखी खाली घसरते आणि एका मर्यादेखाली गेली की सुरक्षेचं सर्किट तिला पुन्हा चार्जच होऊ देत नाही. जून उजाडतो, मशीन सुरू होत नाही, आणि शाळेला नव्या बॅटऱ्यांचा खर्च पडतो.

म्हातारी झालेली बॅटरी कधी कधी फुगते. द्रावणाच्या विघटनातून तयार झालेला वायू पिशवीसारख्या सेलमध्ये साठतो. पहिली चाहूल बहुधा टचपॅडला लागते: खालून दाब आल्याने ते दाबलं जात नाही किंवा एका बाजूने वर उचललेलं दिसतं. मग झाकण नीट बसत नाही, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवावं, मशीन बंद करावं आणि बॅटरी काढून घ्यावी. टाचणीने टोचून हवा काढायचा विचार चुकूनही करू नये. सेलच्या आत दोन बाजू एकमेकींना टेकल्या की काय होतं हे २००६ मध्ये जगाने पाहिलं. सोनीने बनवलेल्या सेलमध्ये धातूचे बारीक कण राहून गेले होते, काही लॅपटॉप पेटले, आणि त्या ऑगस्टमध्ये डेलला ४१ लाख व ॲपलला १८ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या.

नवी बॅटरी घेताना दुकानदार 'तीन तास बॅकअप' सांगतो. त्याऐवजी बॅटरीवरचे आकडे वाचावेत. व्होल्ट गुणिले एमएएच, भागिले हजार, म्हणजे वॅट-तास. ११.४ व्होल्ट आणि ४००० एमएएच असेल तर ४५.६. जुन्या बॅटरीवर जो व्होल्टचा आकडा असेल तोच नव्यावर हवा, आणि वॅट-तास निदान तेवढेच हवेत. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवाना नेता येते, म्हणून मोठ्यात मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही शंभराच्या आत थांबतात. सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच लागते.

काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यांनुसार विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांतला माल पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरीच्या तोंडाला चिकटपट्टी लावावी, म्हणजे शॉर्ट होणार नाही, आणि ती दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावी. तिथून ती कारखान्यात जाते, आधी पूर्ण उतरवली जाते, मग भरडली जाते. जी काळी भुकटी उरते तिच्यातून कोबाल्ट, निकेल आणि पापुद्र्यात अडकून बसलेलं ते लिथियमही परत काढतात.